कोरड्या ओढ्याचे पाणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





भाषणासाठी मी 'पूर' हा विषय कळवला, तेव्हा काही मंडळींनी हसून विचारले, "गुरुजी, आपल्याकडे पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही, आणि तुम्ही पुरावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड हा आपला सारा मुलूख अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. पूर म्हटला की आपल्याला कोकण आठवते, कोल्हापूर-सांगली आठवते. आपल्या वाट्याला दुष्काळ आला, पूर त्यांच्या वाट्याला गेला, अशी जणू वाटणीच झाली आहे असे आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे आणि ती आपल्याला महागात पडू शकते, एवढेच आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

हा विषय आजच घेण्याला एक निमित्तही आहे. आपली संस्था मुलींच्या वसतिगृहासाठी जागा पाहत आहे, हे तुम्ही जाणता. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या आपल्या मुली सातवी-आठवीनंतर केवळ राहण्याची सोय नाही म्हणून घरी बसतात. तेव्हा हे वसतिगृह व्हावे अशी आपणा सर्वांची इच्छा आहे. ज्या जागांची चर्चा चालू आहे त्यांत एक जागा सपाट आहे, रस्त्यालगत आहे आणि किमतीनेही परवडणारी आहे. तिच्या एका अंगाला ओढा आहे. ओढा वर्षातले दहा-अकरा महिने कोरडा असतो. त्यात शेळ्या चरतात, मुले क्रिकेट खेळतात. निर्णय विश्वस्तांचा आहे आणि त्यात लुडबुड करण्याचा माझा अधिकार नाही. मात्र असा निर्णय घेताना कोणती गोष्ट तपासावी, हे सांगणे शिक्षक या नात्याने मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम आपल्याच भागात अलीकडे काय घडले ते आठवू या.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या पाण्याच्या गाडीची चर्चा साऱ्या देशात झाली. परंतु त्याच वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इतका पाऊस झाला की तळ गाठलेले मांजरा धरण भरून वाहिले, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात आहे? एकाच गावाने एकाच वर्षात रेल्वेचे पाणीही पाहिले आणि पुराचे पाणीही पाहिले.

ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील एक कमी दाबाचा पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरला. १३ ऑक्टोबरला त्याने हैदराबाद शहराला झोडपले. शहराच्या पूर्वेस घटकेसर परिसरात एका दिवसात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. पुढच्या दिवशी तोच पाऊस आपल्या सोलापूर जिल्ह्यात आला. पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा माणसे मृत्युमुखी पडली.

आणि सप्टेंबर २०२५ तर अजून सर्वांच्या डोळ्यांपुढे असेल. एरवी जिच्या पात्रात वाळूशिवाय काही दिसत नाही त्या सीना नदीने धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांतील गावांना वेढा घातला. परंडा भागात माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने नुकसानग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कित्येकांची पिके तर गेलीच, पण शेतातील मातीही खरडून गेली. शेतकरी पालक येथे बसले आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. दुष्काळात एक हंगाम बुडतो. माती वाहून गेली म्हणजे पुढचे अनेक हंगाम बुडतात, आणि उरलेल्या उथळ जमिनीत ओल टिकत नसल्याने पुढचा दुष्काळही अधिक जाचतो. तेव्हा पूर आणि दुष्काळ हे दोन वेगळे शत्रू नसून एक दुसऱ्याचे काम सोपे करणारे सोबती आहेत.

कुणी म्हणेल, हे सारे अलीकडचे. तसे नाही. या पठाराने याहून भयंकर पूर पाहिलेला आहे. सव्वाशे वर्षे होत आली त्याला. ही हैदराबादच्या मुसा नदीची हकीकत आहे. त्या काळी आपल्या मराठवाड्याची राजधानी हैदराबादच होती, म्हणून ही हकीकत परकी नाही.

मुसा ही लहान नदी. उन्हाळ्यात माणूस ती चालत ओलांडून जाई. २७ आणि २८ सप्टेंबर १९०८ या दिवशी तिच्या खोऱ्यात असामान्य पाऊस झाला. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच, म्हणजे सुमारे ४८० मिलिमीटर पावसाची नोंद आहे. या खोऱ्यात ७८८ लहानमोठे तलाव होते. त्यांपैकी २२१ तलाव फुटले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर जाऊन आदळे, आणि तोही फुटे. असे साखळीने फुटत आलेले पाणी रात्री-पहाटे शहरात घुसले. सुमारे १९,००० घरे पडली. मृतांचा आकडा १५,००० च्या आसपास सांगितला जातो. रुबाईकार म्हणून उर्दू साहित्यात ज्यांचे मोठे नाव आहे, त्या अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी याच पुरात वाहून गेल्या. घरातले ते एकटे वाचले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आजही एक चिंचेचे झाड दाखवतात. त्याच्या फांद्यांचा आश्रय घेऊन दीडशेच्या आसपास माणसे जगली असे सांगतात.

पुढे काय झाले, तेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या स्थापत्यतज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय बांधण्याची शिफारस केली. उस्मान सागर १९२० मध्ये आणि हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. दुष्काळात शहराला पिण्याचे पाणी मिळावे आणि अतिवृष्टीत पुराचे पाणी अडावे, असे दुहेरी काम त्यांनी केले. पूर आणि दुष्काळ यांचा विचार एकत्र करावा लागतो, हे या माणसांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

आता प्रश्न असा की, जेथे पाऊसच थोडा तेथे इतके पाणी येते कोठून?

आपल्या भागात वर्षाला साधारण ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो पगारासारखा महिन्याच्या महिन्याला वाटून मिळत नाही. वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा मोजक्या दिवसांतच पडून जातो, आणि त्या दिवसांतही काही तासांत. म्हणून 'सरासरी' हा शब्द फसवा आहे. राजस्थानातील बाडमेरचे उदाहरण घ्या. थरच्या वाळवंटातला तो जिल्हा; वर्षाची सरासरी २७७ मिलिमीटरच्या आसपास. ऑगस्ट २००६ मध्ये तेथे तीनच दिवसांत सुमारे ५७७ मिलिमीटर पाऊस कोसळला. कवास नावाचे गाव पाण्याखाली गेले, आणि जमिनीखाली पाणी मुरू न देणारा थर असल्यामुळे वाळवंटात महिनोन्‌महिने तळे साचून राहिले.

दुसरे कारण आपल्या जमिनीत आहे. कोरड्या पडलेल्या उघड्या जमिनीवर पावसाचे टपोरे थेंब आदळतात, तेव्हा मातीची ढेकळे फुटून बारीक कण वर येतात आणि छिद्रे बुजवून टाकतात. जमिनीवर जणू पापुद्रा धरतो. आपल्या काळ्या मातीचा गुण तर तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिले पाणी त्या पिऊन घेतात. पण माती फुगली की भेगा मिटतात आणि मग पाणी आत शिरेनासे होते. बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ असून खाली काळा पाषाण लागतो. डोंगरमाथे उघडे आहेत. त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी उतारावरून धावत सुटते.

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडे गणित करू. सरकारी पंचनाम्यात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असेल. ६५ मिलिमीटर म्हणजे काय? एक एकर जमिनीवर २ लाख ६३ हजार लिटर पाणी. आता असा एक ओढा घ्या की ज्याला १० चौरस किलोमीटर क्षेत्राचे पाणी मिळते. आपल्याकडे गावोगावी असे ओढे आहेत. त्या क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १०० कोटी लिटर होते. त्यातले निम्मे मुरले असे उदारपणे धरू. उरलेले ५० कोटी लिटर चार तासांत ओढ्यातून जायचे म्हटले, तर दर सेकंदाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी जाईल. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर एका सेकंदात! उन्हाळ्यात ज्या टँकरमागे आपण घागरी घेऊन धावतो, तसे साडेतीन टँकर दर सेकंदाला त्या कोरड्या ओढ्यातून जाणार. आणि ही झाली सरासरी. ऐन भरात याहून कितीतरी अधिक. ओढ्यात वेडी बाभूळ माजली असेल, कडेने घरे आत सरकली असतील, रस्त्याखालच्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या असतील, तर ते पाणी कोठे जाईल? शेजारच्या घरात जाईल.

तिसरे कारण नव्या काळाचे आहे, आणि त्यामुळेच पूर्वीच्या अनुभवावर संपूर्ण विसंबून चालत नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल यांच्या ज्वलनाने हवेत साठलेल्या वायूंमुळे पृथ्वीचे सरासरी तापमान शंभर-सव्वाशे वर्षांत एक अंश सेल्सियसहून अधिक वाढले आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. मोठी घागर उशिरा भरते आणि उपडी झाली की एकदम अधिक पाणी सांडते. तसेच हे आहे. म्हणून पावसाचे खंड लांबतात, आणि पडतो तेव्हा तो एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. याच काळात तेथील एकूण पावसाळी पाऊस मात्र घटत होता. एखाद्या गावाच्या पाच-दहा वर्षांच्या नोंदीवरून असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण आपल्याकडे एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षाशी मुळीच जुळत नसतो. म्हणूनच दीर्घ काळाच्या आणि मोठ्या प्रदेशाच्या नोंदी लागतात. त्या नोंदी काय सांगतात, ते आपण ऐकले पाहिजे.

ऐकले नाही तर काय होते, याचे उदाहरण लिबियातील दर्ना शहराचे आहे. समुद्रकाठचे सुंदर शहर. त्याच्या मधून एक वादी, म्हणजे बहुतेक काळ कोरडी असणारी नदी जाते. तिला पूर्वीही पूर आले होते, म्हणून १९७० च्या दशकात वरच्या अंगाला दोन मातीची धरणे बांधली गेली. धरणे झाली आणि लोक निश्चिंत झाले. वादीच्या दोन्ही काठांवर इमारती उभ्या राहिल्या. इकडे धरणांची निगा राहिली नाही. लिबियातीलच अब्दुल वनीस आशूर या जलशास्त्राच्या अभ्यासकाने २०२२ मध्ये लेख लिहून इशारा दिला होता की, मोठा पूर आला तर परिणाम भीषण होतील. १० सप्टेंबर २०२३ रोजी वादळ आले. जवळच्या अल-बैदा गावी २४ तासांत ४१४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री दोन्ही धरणे फुटली आणि मोहल्लेच्या मोहल्ले समुद्रात वाहून गेले. हजारो माणसे दगावली. इशारा लिहिलेला होता, छापलेला होता. तो वाचून हालचाल करणारे कोणी नव्हते.

अशा वेळी आपल्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "अल्लाहच्या मर्जीपुढे कोणाचे चालते?" त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो; माझीही श्रद्धा तीच आहे. पण उंट मोकळा सोडून भरवसा ठेवावा असे आपल्याला शिकवलेले नाही; आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, असेच शिकवले आहे. इतिहास पाहा. खुद्द मक्का शहर डोंगरांमधील कोरड्या खोऱ्यात वसले आहे, आणि तेथे अनेकदा पूर आलेले आहेत. हिजरी १७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३८ च्या सुमारास, हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत असा पूर आला की मकाम-ए-इब्राहीम जागेवरून वाहून गेला. खबर मिळताच हजरत उमर मदिनेहून आले. मकाम मूळ जागी बसवला, आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला दगडी बांध घालून घेतला, की पुन्हा पाणी हरमकडे वळू नये. दुआही केली आणि बांधही बांधला.

आपल्याजवळचे उदाहरण हवे असेल तर नळदुर्गचा किल्ला पाहा. सहलीला तुम्ही सर्वजण जाऊन आला आहात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास, तेथे बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे पाहायला गर्दी होते. पण ते धबधबे केवळ शोभेसाठी नाहीत. बांध भरल्यावर जादा पाणी कोठून जावे, याची ती आखलेली वाट आहे. पाणी अडवणाऱ्याने पाण्याला जाण्याची वाटही ठेवली, म्हणून पाणी डोक्यावरून जात असता पाणीमहालात माणूस कोरडा उभा राहू शकतो आणि बांध चारशे वर्षे टिकून आहे. आपण ओढ्याची वाटच बुजवून त्यावर घर बांधतो. नळदुर्गला जाऊन नुसते फोटो काढण्यापेक्षा एवढा धडा घेऊन आलो, तरी सहल सार्थकी लागली म्हणायची.

आता वसतिगृहाच्या जागेकडे येतो.

मोठ्या नद्यांच्या काठी जलसंपदा खाते दोन पूररेषा आखते. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी; तिच्या आत बांधकामास मनाई असते. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. या दोहोंच्या मधल्या जागेत निर्बंध पाळून बांधावे लागते. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकून माणूस निर्धास्त होतो, आणि येथेच घात होतो. त्याचा अर्थ असा नव्हे की एकदा पूर येऊन गेला की शंभर वर्षे सुटका झाली. अर्थ असा, की दर वर्षी शंभरात एक इतकी शक्यता. आपली इमारत तीस वर्षे वापरायची म्हटली, तर त्या तीस वर्षांत लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सव्वीस होते. आणि निळ्या रेषेवर बांधले तर? शंभरात सत्तर! दहावीच्या मुलांनी हे गणित शिक्षकांकडून समजावून घ्यावे. संभाव्यतेचा धडा कशासाठी शिकायचा हे त्यांना कळेल. शिवाय या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवरून ठरवतात. पाऊसच अधिक तीव्र होत असेल, तर खरी शक्यता या हिशेबापेक्षा जास्त धरावी लागेल. आणि लहान ओढ्यांना तर पुष्कळदा रेषाच आखलेली नसते. रेषा नाही याचा अर्थ धोका नाही असा करू नये.

म्हणून माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे, की कोणतीही जागा घेण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा काढून ओढ्याची मूळ रुंदी पाहावी. सातबारा पाहून ती कळत नाही. शेजारच्या वृद्धांना, विशेषतः घरातल्या बायकांना, पाणी कोठवर चढले होते ते विचारावे. चूल कोणत्या वर्षी विझली हे त्यांना बरोबर आठवते. वरच्या अंगाला पाझर तलाव आहे का, त्याचा सांडवा मोकळा आहे का, हे पाहावे. आणि पाण्याची पातळी जाणकार अभियंत्याकडून मोजून घ्यावी. याला थोडा खर्च येईल. जागा चार पैसे महाग पडेल, कदाचित गावापासून थोडी दूर, चढावर घ्यावी लागेल. पण आपण तेथे सिमेंटची पोती ठेवणार नाही. दुसऱ्यांच्या लेकी ठेवणार आहोत. आई-बाप विश्वासाने मुलगी पाठवतील, आणि रात्री दोन वाजता ओढा आत आला, तर त्या एका रात्रीने केवळ इमारत जाणार नाही. पुढची वीस वर्षे कोणी मुलीला शिकायला पाठवणार नाही.

पालकांना आणखी थोडे सांगतो. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे गरिबीमुळे नदी-नाल्याच्या कडेच्या मोहल्ल्यांत राहतात. स्वस्त जागा तेथेच मिळते. एका दिवसात ती हलणार नाहीत, हे मी जाणतो. पण शाळेचे दाखले, गुणपत्रिका, रेशन कार्ड, आधार कार्ड, जमिनीचे कागद हे सारे एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंच फडताळात ठेवता येते. पुरानंतर मदत मिळवताना आणि मुलांचा प्रवेश घेताना हेच कागद लागतात. रात्री पाणी वाढले तर कोणत्या वाटेने, कोणाच्या घरी जायचे, हे आधी ठरवून ठेवावे. उंचावरची मशीद, मदरसा किंवा शाळा सर्वांसाठी, कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्यांसाठी, उघडी राहील असे मोहल्ल्याने ठरवावे. मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून पुराचा इशारा देता येतो. पावसाळ्यापूर्वी मोहल्ल्याने एकत्र येऊन नाल्यातील प्लॅस्टिक आणि राडारोडा काढावा, आणि निदान स्वतः त्यात टाकू नये.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक नियम आणि एक काम सांगतो.

नियम असा, की वाहत्या पाण्याखाली गेलेला पूल ओलांडायचा नाही. पायी नाही, सायकलवर नाही, वडिलांच्या मोटारसायकलवरही नाही. वीतभर खोलीचे वेगवान पाणी मोठ्या माणसाचे पाय उखडू शकते, आणि दोन फूट पाण्यात चारचाकी गाडीही वाहून जाते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, हे दिसत नाही. शाळा बुडाली तर चालेल. त्या दिवसाची गैरहजेरी कोणताही समंजस शिक्षक लावणार नाही. घरी वडील म्हणाले, "एवढ्याने काय होते?" तर अदबीने पण ठामपणे सांगा, "अब्बा, पाणी उतरेपर्यंत थांबू या."

काम असे, की शाळेत पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. राज्यात महसूल मंडळांच्या ठिकाणी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात, आणि एका गावात कोसळलेला पाऊस शेजारच्या गावात पडतोच असे नाही. तुमची वही दहा-वीस वर्षे चालली, तर ती गावाची दौलत होईल. त्याचबरोबर आजोबा-आजींना विचारून ओढ्याला कोणत्या वर्षी पाणी कोठवर आले होते ते लिहून काढा, आणि त्या जागी भिंतीवर रंगाने खूण करा. शाळेत इतिहास आणि भूगोल वेगळ्या तासांना शिकवतात. या कामात दोन्ही एकत्र येतील.

मित्रहो, पुराने माणसे मरतात त्याला पाणी जितके कारणीभूत असते, तितकाच विसरभोळेपणाही असतो. ज्या मुलखात पूर दरवर्षी येतो तेथील लोक नावा बाळगतात, जोती उंच बांधतात. आपल्याकडे तो वीस-पंचवीस वर्षांनी येतो. तोवर एक पिढी मागे पडते, आठवण पुसली जाते आणि ओढ्यात घर उभे राहते. ती आठवण पिढ्यानपिढ्या जपून ठेवणे हे शाळेचे काम आहे, कारण गावात सर्वांत जास्त काळ टिकणारी आणि दरवर्षी नवी मुले येत राहणारी संस्था शाळाच असते.

मुलींच्या वसतिगृहाची पायाभरणी लवकर व्हावी आणि ती पक्क्या, उंच जागेवर व्हावी, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र!